महागाईच्या दिवसांत समभाग

पेटीतल्या पैशाला उंदीर लागला नाही, तरी महागाईत तो कुरतडला जातोच, हे घर चालविणाऱ्या बाईस वेगळे सांगावे लागत नाही. वर्षाकाठी शंभराला आठ या दराने भाव चढत गेले, तर नऊ वर्षांत शंभर रुपयांचे मोल पन्नासावर येते. म्हणून जाणती माणसे सांगतात की, रोकड जपून काय उपयोग, चांगल्या कंपन्यांचे समभाग घ्या; मालाचा भाव वाढला की कंपनीचा नफा वाढेल आणि तुमचा वाटाही वाढेल. या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच, असे आम्हांस वाटते.

कारण भाव चढू लागले की कंपनीस प्रथम झळच लागते. कच्चा माल, मजुरी, इंधन आधी महागते. तेवढाच माल कोठारात भरावयास अधिक भांडवल लागते, आणि कर्ज काढावे तर व्याज चढलेले! ठेवींवरही व्याज वाढल्याने लोक समभाग विकून तिकडे वळतात. साबण किंवा चहा विकणारी नावाजलेली कंपनी कालांतराने गिऱ्हाइकाकडून वाढीव दाम वसूल करते. परंतु जिच्या मालाचा भाव सरकारने बांधून दिला आहे, ती मागे पडते.

१९७४ साली आपल्या देशात महागाई शंभराला पंचवीसच्याही पुढे गेली. त्या जुलैत सरकारने वटहुकूम काढला: निव्वळ नफ्याचा एकतृतीयांश, किंवा दर्शनी किमतीवर शंभराला बारा, यांपैकी जे कमी तेवढाच लाभांश कंपन्यांनी वाटावा. समभागांचे भाव कोसळले. ज्यांची चूल लाभांशावर पेटत होती, त्यांस महागाईने एका बाजूने आणि बाजाराने दुसऱ्या बाजूने गाठले.

पुढे मुंबईच्या शेअरबाजाराचा सेन्सेक्स निघाला. १९७८-७९ सालचा शंभर धरलेला हा निर्देशांक जुलै २०२४ मध्ये ऐंशी हजारांवर गेला. जिन्नसांचे भाव तेवढ्या काळात वीस पटींहून अधिक वाढले, हे खरे. पण आठशे पटींपुढे ते काय! दलाल हेच आकडे सांगतो. एप्रिल १९९२ मध्ये साडेचार हजारांच्या जवळ पोहोचलेला हाच सेन्सेक्स एप्रिल २००३ च्या अखेरीस तीन हजारांच्या आत होता, हे तो क्वचितच सांगतो. त्या अकरा वर्षांत बाजारहाटाचा खर्च दुपटीहून अधिक झाला होता. लेकीच्या लग्नासाठी ज्यांनी १९९२ साली समभाग घेतले, त्यांची लेक काही अकरा वर्षे थांबणार नव्हती.

आमच्या निवृत्तीची रक्कम हाती आली, तेव्हा थोरल्या मुलाने ती सगळीच समभागांत घालावी असा आग्रह धरला. "बाबा, बँकेचे व्याज महागाईच खाऊन टाकते," हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही उभयतांनी मात्र घराचे छप्पर, धाकटीचे शिक्षण आणि तीन वर्षांचा घरखर्च व औषधपाणी एवढे आधी बाजूला काढून पोस्टात व बँकेत ठेवले. ते थोडे झिजेल, हे ठाऊक असूनच ठेवले. उरलेला तिसरा हिस्सा समभागांत जातो, तोही एकदम नव्हे, दरमहा थोडा थोडा. मुलास हा भित्रेपणा वाटतो. त्याचे वय अठ्ठावीस, आमचे साठीपुढचे. अकरा वर्षे वाट पाहणे त्याला परवडेल. त्याने आपल्या पगारातून खुशाल अधिक घालावे, असे आम्ही त्यास सांगितले आहे. छपराची कौले पावसाआधी बदलून झाली.