दुभाष्या

लहानपणी जुन्नरात आम्ही आमच्या दादीचे दुभाषे होतो. घरात दखनी आणि बाजारापुरती मराठी, एवढ्यावर तिचे भागे. पण तहसील कचेरीतली फेरफार, वारसनोंद ही मराठी तिला परकी. तिचे म्हणणे कारकुनाला आणि कारकुनाचे तिला सांगायचे काम आमचे. आत शिरताना ती पावती आमच्या मुठीत देई आणि बजावी, "काम हुए तक छोड्नां नै."

पुढे संगणकाच्या धंद्यात पडलो, तिथेही दुभाषेगिरीच वाट्याला आली. 2012 साली आंबेगाव तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी आम्ही सी-शार्प या नव्या भाषेत प्रोग्राम लिहिला. वजनकाट्याची लायब्ररी मात्र जुन्या सी भाषेतली. तिचा मूळ मजकूर कुणाकडेच नव्हता; हाती होती फक्त यंत्राला कळणारी 32 बिटांची फाइल. म्हणून आमचा प्रोग्रामही 32 बिटांचाच बांधावा लागला.

व्यवहार साधा होता. आमच्या बाजूने एक निरोप्या ठेवायचा आणि लायब्ररीला त्याचा पत्ता द्यायचा: वजन स्थिर झाले की याला हाक मार. चाचणीत सारे सुरळीत चालले. चौथ्या संध्याकाळी, ऐन गर्दीत, प्रोग्राम कोसळला. सुरू केला, तासाभराने पुन्हा तेच. रांगेतल्या एका मावशींनी विचारले, "दादा, वजन काट्यावर दिसलं, मग पावतीवर का नाही?" त्या पावतीवर त्यांचे दिवसाचे पैसे होते. आम्ही गप्प राहिलो आणि वहीत हाताने नोंदी करू लागलो.

दोन रात्री जागून कारण सापडले. सी भाषेत मेमरीतली जागा जो मागतो त्यानेच ती परत करायची. सी-शार्पमध्ये त्यासाठी झाडूवाला असतो. प्रोग्राममध्ये ज्याला कुणी धरलेले नाही ते कचरा समजून तो उचलतो. आमच्या निरोप्याला लायब्ररीने धरले होते, पण भिंतीपलीकडचे झाडूवाल्याला दिसत नाही. त्याने निरोप्या उचलला आणि लायब्ररी रिकाम्या घराला हाका मारत राहिली. झाडूवाल्याच्या फेरीला नेम नसतो, म्हणूनच चाचणी निभावली. चूक ना जुन्या भाषेची, ना नव्या. ती मधल्या माणसाची, आमची.

पुष्कळांनी सल्ला दिला, जुने फेकून सारे नव्याने लिहा. आम्हाला खोडद आठवते. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिशांनी 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्झवर आकाश टिपले. त्यातून सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी 2017 साली प्रसिद्ध झाली. ती करणारी प्रणाली पायथन भाषेतली. पण तिने राबवले ते एप्स, अमेरिकेत 1978 साली सुरू झालेले आणि मुख्यतः फोरट्रानमध्ये लिहिलेले. मध्ये पार्सलटंग नावाचा दुभाष्या. फोरट्रान मोजणी एकपासून करते, पायथन शून्यापासून. असे बारीकसारीक भेद दुभाष्यालाच सांभाळावे लागतात.

आमची दुरुस्ती एका ओळीची निघाली: प्रोग्राम चालू असेपर्यंत निरोप्याला आपणच धरून ठेवायचे. वाचणाऱ्याला ती ओळ निरुपयोगी वाटते. उद्या कुणी हुशार मुलगा ती खोडेल. म्हणून तिच्या शेजारी आम्ही शेरा लिहून ठेवला: काम होईपर्यंत सोडू नये.