डाव कुणी घोषित केला?

गेल्या वीकेंडला जालन्याला जाऊन आलो. दोन दिवसांसाठी घरी जायचं, आईच्या हातचं खायचं, लॅपटॉप बॅगेतून बाहेरसुद्धा काढायचा नाही असा प्लॅन होता. पण आईने आल्या आल्या माळा साफ करायला लावला. माळ्यावर काय सापडलं, तर माझी बॅट आणि बाबांची कात्रणांची वही!

वहीत पहिल्याच पानावर विजय झोल. डिसेंबर २०११, कूचबिहार ट्रॉफी, १९ वर्षांखालील महाराष्ट्र विरुद्ध आसाम, झोल नाबाद ४५१. आमच्या जालन्याचा पोरगा, वय वर्षं सतरा. तोपर्यंत जालना म्हणजे स्टील, बियाणं, मोसंबी आणि नळाला कधीतरी येणारं पाणी. एकदम क्रिकेटच्या पानावर गावाचं नाव! मी तेव्हा आठवीत होतो. दुसऱ्या दिवशी मैदानावर गल्लीतली सगळी पोरं डावखुरी खेळायला लागली. मीसुद्धा. दोन दिवस एकही बॉल लागला नाही, मग गुपचूप परत उजवा झालो.

बाबांनी त्या कात्रणाखाली पेनने तीन आकडे लिहून ठेवले होते: ४४३, ४५१, ४५२.

४५२ म्हणजे ब्रॅडमन. ४४३ म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर. ही गोष्ट मी बाबांकडून किमान पन्नास वेळा ऐकली आहे, तरी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी सामना. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीतला ब्रॅडमनचा विश्वविक्रम तेव्हा फक्त ९ धावांवर होता. दोन षटकांचं काम! पण मध्यंतरात काठियावाडच्या कप्तानाने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला. सामना सोडला आणि टीम निघून गेली. निंबाळकर २०१२ साली गेले. अधिकृत कसोटी एकही खेळायला मिळाली नाही. भारतीयाची प्रथम श्रेणीतली सगळ्यात मोठी खेळी मात्र अजून त्यांचीच आहे.

खरं तर महाराष्ट्राच्या टीमचा इतिहासच असा आहे. प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली. देवधरांनी वयाच्या ४८व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ केल्या. (मी अठ्ठाविसाव्या वर्षी ऑफिसच्या जिन्यात धापा टाकतो.) त्यानंतर आजपर्यंत रणजी नाही. अगदी जवळ जायचं आणि राहून जायचं.

मला आठवणारी सगळ्यात भारी मॅच जानेवारी २०१४ची. उपांत्यपूर्व फेरी, वानखेडे, समोर ४० वेळा रणजी जिंकलेली मुंबई. जिंकायला २५२ हव्या होत्या. केदार जाधव नाबाद १२०, झोल नाबाद ९१, आपण ८ गडी राखून जिंकलो! बाबा मिलमधून आले ते पेढे घेऊनच. मग इंदूरला बंगालला हरवलं आणि २१ वर्षांनी फायनल. तिथे हैदराबादला कर्नाटकने हरवलं. असो.

झोल त्याच वर्षी १९ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताचा कप्तान होता. भारताच्या मुख्य संघापर्यंत मात्र पोचला नाही. आम्ही गल्लीत चुकचुकलो. आपलं काय जातंय चुकचुकायला?

आणि २०१६. पुन्हा वानखेडे, समोर दिल्ली. स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, मराठवाड्यातलाच अंकित बावणे नाबाद २५८. दोघांची ५९४ धावांची अभेद्य भागीदारी. संगकारा-जयवर्धनेचा ६२४चा विश्वविक्रम ३० धावांवर. आणि कप्तान गुगळेने डाव घोषित केला! स्वतः क्रीजवर असताना! हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही त्याला वेडा ठरवला होता. नंतर रणजीतला भागीदारीचा तो विक्रमही २०२४ला गोव्याच्या दोघांनी ६०६ करून मोडला.

तर वही बघता बघता मी बॅट हातात घेतली. ग्रिप पार वितळून चिकट झालेली. मी हसत हसत म्हणालो, "बाबा, तुम्ही तेव्हा बंद केलं नसतं ना, तर कुणी सांगावं!"

हा माझा ठरलेला डायलॉग आहे. कॉलेजात, ऑफिसात, टीम लंचला, सगळीकडे मी हेच सांगत आलोय: क्रिकेट चांगलं होतं, जिल्ह्याच्या निवड चाचणीपर्यंत गेलो होतो, पण घरच्यांनी अकरावीत बंद केलं. लोक हळहळतात. बरं वाटतं.

बाबांनी चष्मा काढला. "मी कव्हा बंद केलं रे? तूच म्हणलास, क्लास चारला आहे, आता नाही जमणार. मी तर त्या चाचणीनंतर नवे पॅड आणले होते. तिथंच असतील बघ."

होते. त्याच माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकदाही न घातलेले.

मग सगळं आठवलं. त्या चाचणीत मी तीन बॉलमध्ये दोनदा बोल्ड झालो होतो. घरी येऊन सांगितलं, ठीक झाली. पंधरा दिवसांनी क्लासचं कारण काढलं. बाबांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला निंबाळकर समजत होतो आणि बाबांना ठाकोरसाहेब करून ठेवलं होतं. डाव मीच घोषित केला होता, तोही शून्यावर!

"सॉरी बाबा," म्हणालो. ते म्हणाले, "त्यात काय. चहा घे."

काल सोसायटीच्या पोरांबरोबर टेनिस बॉलने खेळलो. ११ केल्या. पॅड घालून गेलो होतो, पोरं खूप हसली. बाबांना फोटो पाठवलाय. त्यांचा रिप्लाय आला: "डावा पाय पुढे."

चला, सोमवारी रिलीज आहे.