आखूड पडलेल्या तारा

वकिलाने विमानांच्या कारखान्याविषयी लिहावे, हे वाचकांस अनधिकाराचे वाटेल. विमानासंबंधीचा माझा अधिकार खिडकीजवळची जागा मिळावी या इच्छेपलीकडे जात नाही, हे मी प्रारंभीच कबूल करतो. तथापि एका विमानाची हकीकत गेली काही वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे, आणि ती आठवली की माझ्याच धंद्यातील एक जुनी गोष्ट न बोलावता तिच्याशेजारी येऊन बसते.

विमान म्हणजे एअरबसचे ए-३८०. दुमजली, पाचशेहून अधिक उतारू घेऊन जाणारे. त्याचे पंख वेल्समध्ये ब्रॉटनला तयार होत, शेपटाचा भाग स्पेनमध्ये, आणि धडाचे मोठाले खंड जर्मनीत हँबुर्गला. हे सारे गलबतांतून फ्रान्सच्या किनाऱ्यास लागे, तेथून गारोन नदीतून तराफ्यावर चढे आणि शेवटी रात्रीच्या वेळी, रस्ते बंद करून, गावांच्या घरांमधून अंग चोरीत तुलूझला पोहोचे. एखाद्या महारथाची यात्राच ती! इतके अवजड खंड इतक्या दुरून आणून ते एकमेकांस जुळले. अडले ते तारांपाशी.

एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा होत्या. त्यांची संख्या लाखाच्या घरात. हँबुर्गच्या कारागिरांनी त्यांच्या जुड्या बांधून धडात बसवून पाठविल्या आणि तुलूझला त्या जोडावयास घेतल्या, तो त्या आखूड पडू लागल्या. दोन्हीकडचे अभियंते ‘कॅटिया’ नावाच्या एकाच प्रणालीवर आराखडे काढीत. मात्र हँबुर्गला तिची चौथी आवृत्ती होती आणि तुलूझला पाचवी. नाव एक असले तरी पाचवी ही चौथीची सुधारून वाढविलेली प्रत नव्हती, ती मुळापासून नव्याने रचलेली होती. एकीतून दुसरीत आराखडा नेताना काही माहिती वाटेतच गळे. त्यात काही तारा तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या. त्यांस वळवावयाचे तर वळण निराळे ठेवावे लागते. कोपऱ्याकोपऱ्यावर थोडथोडी लांबी खर्ची पडली आणि टोकाशी तार पोहोचेना. शिवाय प्रत्येक विमान कंपनीची अंतर्रचना निराळी, म्हणून एका विमानाची दुरुस्ती दुसऱ्यास लागू पडेना. अखेर जर्मन कारागीर शेकड्यांनी तुलूझला येऊन हातांनी तारा उपसू लागले.

विलंबाची घोषणाही हप्त्याहप्त्यांनी झाली: जून २००५, जून २००६, पुन्हा ऑक्टोबर २००६. मधल्या घोषणेनंतर मूळ कंपनीचा समभाग एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक कोसळला आणि जुलैच्या आरंभी दोन प्रमुख अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. २००६ मध्ये द्यावयाचे पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती १५ ऑक्टोबर २००७ रोजी पडले.

मला या हकीकतीत खिळवून ठेवते ते नुकसान नव्हे. दोन्हीकडचे आराखडे आपापल्या जागी बिनचूक होते, हे मला अस्वस्थ करते.

आमच्या गोव्यात जमिनीचे दोन नकाशे असतात, हे येथील वाचकांस सांगावयास नको. एक पोर्तुगीज अमदानीतील काडास्त्राचा, दुसरा मुक्तीनंतरच्या नव्या सर्वेक्षणाचा. दोघे भाऊ आपले कुळागर वाटून घेत होते. धाकट्याचा वकील मी. माझ्या परिशिष्टातील हद्द नव्या नकाशाप्रमाणे होती. वडील भावाच्या वकिलांनी आपल्या परिशिष्टासाठी जुनी नोंद घेतली. पाटाच्या पाण्याचा हक्क ‘सामाईक हद्दीवरून’ असा दोन्हीकडे एकाच शब्दांत लिहिला होता. मसुदा वाचताना दोन चतुःसीमा एकाच रेषेवर येत नाहीत, हे माझ्या ध्यानात आले होते. मी पेन्सिलीने समासात एक प्रश्नचिन्ह काढले. उद्या विचारू असे म्हणालो. मग वाटले, ते अनुभवी वकील आहेत, त्यांनी पाहिले असेल. शिवाय दोघे भाऊ त्या दिवसापर्यंत हसून बोलत होते, त्यात आपण कशाला खडा टाका?

दस्तऐवज नोंदला गेला. पुढे वडील भावाने कुंपण घातले, तेव्हा दोन रेषांच्या मधली चार-पाच पावलांची पट्टी आपली, असे तो जुन्या नकाशावर बोट ठेवून म्हणाला. आणि पाट नेमका तीतून जात होता. उन्हाळ्यात धाकट्याच्या पोफळी वरून पिवळ्या पडत गेल्या. तो माझ्याकडे आला तेव्हा रागावला नाही. ‘‘वकीलबाब, तुमी हें पळयिल्लें मूं?’’ एवढेच त्याने विचारले. मी ते पाहिले होते. तरी मी कायद्याचे काहीतरी बोललो.

हँबुर्गमध्येही कोणाच्या तरी समासात असे एक प्रश्नचिन्ह असेल काय, असे माझ्या मनात येते. दोन आवृत्त्या जुळत नाहीत, हे ज्याला प्रथम दिसले, त्याने त्या रात्री तुलूझला दूरध्वनी का केला नसेल? भाषेची अडचण म्हणावी, तर ती त्यांना. आम्ही दोघे वकील तर एकाच बाररूममध्ये चहा पीत होतो.

ए-३८० ची एकंदर २५१ विमाने ग्राहकांच्या हाती गेली. शेवटचे २०२१ मध्ये. तारांचे कोडे त्याआधी कितीतरी वर्षे सुटले होते. भावांचा दावा अद्याप चालू आहे. माझ्या कपाटात त्या मसुद्याची प्रत आहे आणि पेन्सिलीची खूण अजून स्पष्ट वाचता येते. पुढील तारखेस ती विरुद्ध बाजूच्या वकिलांपुढे ठेवावी, असे मी योजिले आहे.