लेडीज कलर

स्वयंपाकघराला काळा रंग देऊ नये असं कुठे लिहून ठेवलंय का? माझ्या तरी वाचनात नाही. पण गेल्या दोन महिन्यांत हे मला निदान सात-आठ जणांनी ऐकवलंय. त्यात दोन शोरूमवाले, एक सुतार, बाबांच्या ओळखीतला एक वास्तुवाला आणि माझी सख्खी आत्या.

तर झालं असं. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची ही तिसरी पिढी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० च्या दशकात ब्रिटिश सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या इमारती, एकट्या वरळीत १२१, आणि खोली १६० चौरस फुटांची. १४ ऑगस्ट २०२५ ला पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना म्हाडाच्या नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यातलं एक आमचं. १६० चे एकदम ५०० चौरस फूट! पहिले आठ दिवस आम्ही चौघं सवयीने एकाच खोलीत झोपत होतो. असो, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

या ५०० फुटांत आईला पहिल्यांदाच स्वयंपाकाची वेगळी खोली मिळाली. चाळीत स्वयंपाकघर म्हणजे मोरीशेजारचा कोपरा. तिथेच कपडे वाळायचे, तिथेच मी बारावीचा अभ्यास केला, आणि पाहुणे आले की तिथेच पडदा लागायचा. त्या कोपऱ्याचा रंग कोणी ठरवला नव्हता. चाळीत ज्याच्या घरी लग्न असेल त्याच्याकडचा उरलेला डिस्टेंपर आमच्या भिंतीला लागायचा.

नव्या घरात ओटा तयार होता, पण खालच्या ट्रॉल्या आणि वरची कपाटं आपली आपण करायची. म्हणून एका शनिवारी मी, आई आणि बाबा एका शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने सगळ्यात आधी आईला खुर्ची दिली. "काकू, किचन म्हणजे लेडीजचं डिपार्टमेंट. तुम्हीच ठरवायचं, काका फक्त चेक सही करणार!" बाबा हसले. मग त्याने शेड कार्ड उघडून आईसमोर ठेवलं, पण बरोब्बर एका पानावर. पिस्ता, व्हॅनिला, लॅव्हेंडर, रोझ. आईने चष्मा लावला, ते पान उलटलं, पुढचं उलटलं, अगदी शेवटच्या पानावर गेली आणि मॅट काळ्यावर बोट ठेवलं.

"काकू, हा ऑफिसला घेतात. नाहीतर बॅचलर लोक."

"घेऊ देत की. मला हा हवाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबांकडे नाही, माझ्याकडे. लॅपटॉपची बॅग पाठीला असली की लोकांना वाटतं समजूतदार माणूस असेल. मी काहीच बोललो नाही, कारण माझं लक्ष त्याच्या त्या पहिल्या पानावर होतं. खरं सांगू? मला तो रोझ भयंकर आवडला होता. पुण्याच्या नोकरीत तीन वर्षं पीजीत राहिलो तेव्हापासून मी स्वयंपाक करतो, शनिवारची कोलंबी आता माझ्याकडेच असते, तेव्हा मतही होतं. तर मी म्हटलं, "वरची कपाटं या रोझमध्ये कशी दिसतील?"

"सर, तो लेडीज कलर आहे. किड्स रूमला छान दिसेल, मुलगी असेल तर."

म्हणजे बघा हं. जिचं डिपार्टमेंट आहे तिला काळा मिळत नाही, कारण ती लेडीज. मला गुलाबी मिळत नाही, कारण मी लेडीज नाही. मग नक्की कोणी काय घ्यायचं? :)

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला तसं शिकवलंय. आम्ही फॉर्म बनवतो तेव्हा ड्रॉपडाउनमध्ये एक पर्याय आधीच निवडून ठेवलेला असतो. बहुतेक लोक तो बदलायच्या भानगडीत पडत नाहीत. मग महिन्याभराने मॅनेजर मीटिंगमध्ये सांगतो, बघा, लोकांना हाच आवडतो! बायकांना पिस्ता आवडतो हे शोरूमवाल्यांना बहुधा असंच कळलेलं असतं. पहिल्या पानावर पिस्ता, म्हणून विक्री पिस्त्याची, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या पानावर पिस्ता.

बरं, हा गुलाबी तरी कधीपासून लेडीज झाला? अमेरिकेत १९१८ साली लहान मुलांच्या कपड्यांच्या धंद्यातल्या 'अर्नशॉज' नावाच्या मासिकाने लिहिलं होतं, की गुलाबी मुलग्यांना शोभतो कारण तो जास्त ठसठशीत, आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. पूर्ण उलटं! १९५० च्या दशकापर्यंत तिथे चक्र फिरलं आणि गुलाबी ओटे, गुलाबी टाइल्स, गुलाबी फ्रीज अशी स्वयंपाकघरं बायकांसाठी म्हणून विकली जाऊ लागली. आपल्याकडे तर इतकं लांब जायलाच नको. अनंत चतुर्दशीला लालबागला उभे राहा. सकाळपासून रात्रीपर्यंत हजारो बाप्ये डोक्यापासून पायापर्यंत गुलालात गुलाबी झालेले असतात, वरातीत गुलाबी फेटे बांधतात, आणि कोणी म्हणत नाही की दादा, हा लेडीज कलर. पण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी अजित पवारांनी गुलाबी जाकीट घातलं, तेव्हा चर्चा काय? लाडक्या बहिणींची मतं हवीत म्हणून. आणि ती चर्चा चुकीची नव्हती, तिथे रंग खरंच बायकांना उद्देशून निवडला होता. गंमत एवढीच, की एकाच मुंबईत तोच रंग सप्टेंबरात पुरुषांचा आणि नोव्हेंबरात बायकांचा.

या सगळ्या भानगडीत मला एक माहिती सापडली ती मात्र डोक्यातून जात नाही. आमची चाळ उभी राहिली त्याच दशकात, १९२६ मध्ये, जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात कामगार वस्तीसाठी एक स्वयंपाकघर डिझाइन झालं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईने केलं. १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजी. तिने कपाटांना निळसर-हिरवा रंग दिला. का? तर त्या रंगावर माश्या बसत नाहीत अशी तेव्हा समजूत होती. बायकांना आवडतो म्हणून नाही, माश्यांना आवडत नाही म्हणून! आणि वर त्या बाईने तोपर्यंत स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता, हे तिनेच नंतर सांगून टाकलं. मला हे फार आवडलं. तिथे ७० फूट नुसत्या स्वयंपाकाला आणि इकडे १६० फुटांत अख्खं कुटुंब, हे मात्र तितकंसं आवडलं नाही.

आता आत्या. आत्याचा विरोध शोरूमसारखा नव्हता, त्यामागे कारण होतं. माझी आजी त्याच खोलीत खानावळ चालवायची. गिरणीतले गावाकडचे एकटे कामगार दोन वेळा जेवून जायचे. गिरणगावात तेव्हा अशा खूप बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिऱ्हाइकं गावी गेली आणि आजीची खानावळ बसली. पण तोवर रॉकेलच्या स्टोव्हने त्या कोपऱ्याची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. आत्याचं लहानपण ती भिंत घासण्यात गेलं. लग्न होऊन आई आली तेव्हाही त्या भिंतीवर चुना टिकायचा नाही, खालचा धूर वर यायचाच. त्यामुळे आत्या रडकुंडीला येऊन म्हणाली, "वहिनी, जन्मभर काळी भिंत घासलीस आणि आता पैसे देऊन काळंच आणतेस? पांढरंशुभ्र कर की गं!"

आई म्हणाली, "ताई, तो धुराचा होता. हा मी पसंत केलाय."

आत्या जरा गप्प झाली. मग म्हणाली, काळं अशुभ असतं. तर आईने तिला संक्रांतीची चंद्रकळा आठवून दिली, जी आत्यानेच तिला पहिल्या संक्रांतीला नेसवली होती.

मी नंतर आईला विचारलं, काळाच का? मला वाटलं काहीतरी खोल निघेल, आजीची आठवण वगैरे. ती म्हणाली, "चांगला दिसतो." बस. मी परत विचारलं तर वैतागली. "तुझे ते काळे बूट घेतलेस तेव्हा मी विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं. पुढचा अर्धा तास मी लॅपटॉप उघडून नुसता बसलो होतो. बाईने वेगळा रंग मागितला की तिच्याकडून कारण हवं असतं. दुकानदाराला हवं, नणंदेला हवं, आणि ब्लॉग लिहिणाऱ्या मुलाला तर पॅराग्राफ संपवायला हवंच. पिस्ता मागितला असता तर आमच्यापैकी कोणी विचारलं असतं?

वास्तुवाल्याने आग्नेय दिशा, अग्नितत्त्व असं बरंच सांगितलं. आईने त्याला चहा दिला.

ऑर्डर गेल्या रविवारी दिली, दुसऱ्याच दुकानात. खाली-वर सगळं मॅट काळं. माझा गुलाबी तिने साफ उडवला. "तुझी खोली आहे ना आता? तिथे काय हवं ते लाव." अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालेल्या स्वतःच्या खोलीची एक भिंत मी रंगवून घेतली आहे. ऑफिसचा एक मित्र व्हिडिओ कॉलवर ती पाहून म्हणाला, "लग्न ठरलं का रे?"

ट्रॉल्या पुढच्या महिन्यात बसतील. सध्या हँडलवरून चालू आहे. आईला पितळी हवीत आणि इतके दिवस फक्त चेकपुरते असलेले बाबा अचानक म्हणतायत की स्टीलचीच पाहिजेत. का म्हणून विचारलं तर म्हणाले, चांगली दिसतात.