शनिवारचे पांढरे बूट

शनिवार उजाडला की नेवासे तालुक्यातील वाटा शनिशिंगणापूरकडे वाहू लागतात. घरांना कवाडे नसलेले गाव म्हणून हे गाव सर्वदूर ठाऊक आहे. तेथे देवावर छप्पर नाही. उघड्या आकाशाखाली चौथऱ्यावर काळी शिळा उभी आहे. दर्शनाला येणारा पायी आलेला असो वा मोटारीतून उतरलेला असो, तो पायातले काढून अनवाणी होतो. शनिवारी देवळाबाहेर पायताण सोडून आले की पीडा टळते, असाही समज पुष्कळांच्या मनात असतो. आमच्या श्रद्धेची वाट निराळी आहे. परंतु या परिसरात धर्मगुरू म्हणून वावरताना ती काढून ठेवलेली पायताणे दिसली की आम्हांला हटकून आमच्या शाळेचा शनिवार आठवतो. तो शनिवार पायातले काढण्याचा नव्हता, घालण्याचा होता.

शनिवारी सकाळची शाळा, आणि सकाळच्या शाळेत सामुदायिक कवायत. कवायतीला पांढरे कॅनव्हासचे बूट हवेत, असा दंडक होता. 1980 नंतरची ती वर्षे. आम्ही मिशनच्या बोर्डिंगात राहत होतो. आठवड्याचे पाच दिवस पाय मोकळे असत. सहाव्या दिवशी त्यांना मान मिळे.

तो बूट म्हणजे तरी काय? वर जाड कापड, खाली रबराचा पातळ तळ, आणि नाडी ओवायला भोके. चार्ल्स गुडइयर याने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचे पेटंट अमेरिकेत 1844 मध्ये घेतले. असे टिकाऊ रबर मिळू लागले, म्हणूनच कापडाला रबराचा तळ जोडलेला हा स्वस्त बूट पुढे घडू शकला. बाटा कंपनीने बंगालमधील कोन्नगर येथे काम सुरू केले, पुढे बाटानगर वसले, आणि भारतातील शाळकरी मुलांसाठी पांढरा टेनिस बूट आपण 1936 मध्ये काढला, असे ती कंपनी सांगते. आम्हांला यातले काहीच ठाऊक नव्हते. बूट दोन वर्षे पुरावेत म्हणून एक नंबर मोठा घ्यायचा आणि पुढे कापूस कोंबायचा, एवढेच आमचे पादत्राणशास्त्र!

आमच्या भागातील काळी माती पांढऱ्या वस्तूची वैरीण. म्हणून शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेनंतर बोर्डिंगच्या ओट्यावर आमचा कारखाना सुरू होई. फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे आठवडाभर जमवलेले असत. ते करवंटीत भिजवून चिंधीने बुटांवर फासायचे आणि बूट ओळीने वाळत ठेवायचे. सकाळी ‘सावधान’चा हुकूम झाला की शेकडो टाचा एकदम जुळत आणि पांढऱ्या धुळीचा एक लहानसा ढग उठे. पावसाळ्यात मात्र खडूचे ओघळ मैदानभर वाहत, आणि बाभळीच्या काट्याला तर तो तळ कधीच अडवू शकला नाही.

परंतु या शुभ्रतेला एक काळी कडा होती. ज्यांना बूट नसत, ती मुले शेवटच्या रांगेत उभी राहत. कोणी त्यांना रागावत नसे. रांगेची शोभा बिघडू नये एवढाच हेतू. वस्तीवरून चालत येणारा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याची आई उसाच्या फडात कामाला जाई. एका 26 जानेवारीला तो पुढच्या रांगेत येऊन उभा राहिला. दुरून त्याचे बूट आमच्यापेक्षाही स्वच्छ दिसत होते. जवळ गेल्यावर कळले, की त्याने भिजवलेला खडू आपल्या उघड्या पावलांनाच फासला होता. घोट्यापर्यंत, अगदी रेघ आखल्यासारखा. मुले हसण्याच्या बेतात होती. कवायतीच्या गुरुजींनी त्याच्या पायांकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. हसू घशातच विरले. त्या दिवसानंतर आमच्या शाळेत रांगा उंचीप्रमाणे लागू लागल्या, बुटांप्रमाणे नव्हे.

या बुटांचे खरे मोल मात्र आम्हांला आमच्या आजोबांनी दाखवले. त्यांच्या लहानपणी आमच्या समाजातील माणसाला चावडीसमोरून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. वहाणेची जागा पायातच, अशा अर्थाची म्हण आपण सहज वापरतो. परंतु ज्यांची वहाण पायातही राहू दिली गेली नाही, त्यांच्या कानाला ती कशी लागत असेल? नाताळच्या सुटीत आम्ही बूट घालून घरी गेलो. गावाजवळ येताच सवयीने मागच्या पायवाटेकडे वळलो, तर आजोबा म्हणाले, “आडवाटंनं नको पोरा. चावडीवरून चल.” आणि ते स्वतः आमच्या मागे सावकाश चालत राहिले. त्यांच्या चालण्याचा अर्थ समजायला आम्हांला पुढे कित्येक वर्षे लागली.

पवित्र शास्त्रात देव मोशेला पायातले पायतण काढायला सांगतो, कारण ती भूमी पवित्र आहे. आणि उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप चाकरांना झगा व अंगठी आणायला सांगतो, तसेच मुलाच्या पायात जोडाही घालायला सांगतो. अनवाणी पाय हे त्या काळी दास्याचे लक्षण मानले जाई, असे भाष्यकार सांगतात. सेमिनरीत हा दाखला आम्ही ग्रंथांतून अभ्यासला. पण त्या जोड्याचा अर्थ आम्हांला चावडीसमोरच्या रस्त्यावर आधीच शिकवला गेला होता. देवापुढे पायातले काढणे ही भक्ती होय. माणसापुढे काढावे लागणे ही गुलामी होय. आणि जो देवापुढे स्वेच्छेने काढून ठेवील, त्याच्या पायात आधी काहीतरी असले पाहिजे. ते असावे, हे पाहणे बापाचे काम आहे, आणि बापाच्या घरातील आपणा सर्वांचेही.

जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलांना गणवेशाबरोबर बूट व पायमोजे देण्याचा निर्णय राज्य शासनाने 2023 मध्ये घेतला, तेव्हा आम्हांला मनापासून समाधान वाटले. आता खडू भिजवावा लागत नाही. आमच्या धर्मग्रामातील मुले रंगीत बूट घालतात, त्यांच्या किमतीही एकमेकांना सांगतात. पालकहो, त्या किमतीवरून पुन्हा नव्या रांगा लागू नयेत, एवढे आपण घरी सांभाळू या.

पवित्र गुरुवारी आम्ही बारा जणांचे पाय धुतो. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये नियम बदलल्यापासून त्यांत स्त्रियाही बसतात. एखाद्या आजीची टाच हातात येते. काळ्या मातीने भरलेल्या भेगा कितीही धुतल्या तरी काळ्याच राहतात. तिच्या शेजारी तिची नात बसलेली असते. तिच्या मऊ पावलावर पायमोज्याचा वळ उमटलेला असतो. आम्ही दोन्ही पाय सारख्याच सावकाशीने पुसतो.