काळे फडके बांधलेला वकील

आमचा नातू लातूरला शिकतो. शिकतो म्हणजे, डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करतो. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती ऐकून सारा मराठवाडा आपली मुले तिथे धाडतो; आमच्या लेकीनेही धाडला. गंजगोलाईपासून रिक्षाने दहा मिनिटांवर त्याची खोली आहे. एक खाट, एक टेबल आणि भिंतभर रसायनशास्त्राची सूत्रे. गेल्या वर्षी ऑगस्टात त्याच्या घरमालकीणबाईंचा फोन आला, की तुमच्या पोराच्या खोलीतून रात्री दोन-दोनपर्यंत मारामारीचे आवाज येतात. लेकीला रजा नव्हती, जावई फिरतीवर. तेव्हा सत्तरी उलटलेला मी नांदेडहून लोहा-अहमदपूरच्या वाटेने एस.टी.त बसलो आणि रागवायचे भाषण जुळवू लागलो. चाळीस वर्षे वकिली केलेल्या माणसाला एवढ्या कामाला अहमदपूरपर्यंतचा रस्ता पुरतो.

मारामारी सापडली ती मोबाईलमध्ये. मालिकेचे नाव ‘डेअरडेव्हिल’. मी भाषणाला सुरुवात करणार, तोच नातू म्हणाला, “आजोबा, हा वकील आहे. तुमच्यासारखा.” शेवटचा शब्द उघडउघड लाच म्हणून दिलेला होता; मी ती घेतली. त्या रात्री आम्ही दोघे एका खाटेवर बसून तीन भाग पाहून उठलो. भाषण तसेच राहिले.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मूळ पात्र १९६४ सालच्या अमेरिकन चित्रकथेतले. स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी घडवलेले. मालिका २०१५ साली आली, २०१८ पर्यंत तिचे तीन हंगाम झाले, प्रत्येकी तेरा भागांचे. मॅट मर्डॉक हा न्यूयॉर्कमधल्या ‘हेल्स किचन’ नावाच्या वस्तीतला आंधळा वकील. बाप मुष्टियोद्धा, ठरवून हरायचे नाकारले म्हणून मारला गेलेला. लहानपणी रसायन डोळ्यांत जाऊन मुलाची दृष्टी गेली, पण कान आणि नाक असे तीक्ष्ण झाले की समोरच्याच्या काळजाचे ठोके ऐकून तो खरे-खोटे ओळखतो. (ही विद्या मला असती तर उलटतपासणीत केवढी मजा आली असती!) दिवसा तो गरिबांचे खटले चालवतो आणि रात्री तोंडाला काळे फडके बांधून, कोर्टात जे जमले नाही ते गल्लीत करतो.

आम्हाला हे नवे नव्हते. पोरवयात बाबुराव अर्नाळकरांवर वाढलेल्या पिढीला काळ्या बुरख्याचे काय नवल? हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिलेला तो माणूस. त्यांचा काळा पहाड भाड्याच्या वाचनालयातून आणून मी कंदिलाशी वाचला आहे. पण काळा पहाड कधी दमल्याचे मला आठवत नाही. हा वकील दमतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी पळवून नेलेल्या एका मुलाला सोडवायला तो आधीच्या जखमा अंगावर घेऊनच एका अरुंद बोळकंडीत शिरतो. कॅमेरा मध्ये कुठे तुटल्याचे दिसत नाही. तो मारतो, पडतो, भिंतीला टेकून श्वास घेतो; ज्यांना पाडले तेही पुन्हा उठतात. तीन-एक मिनिटे हे चालते. शेवटी तो मुलाला उचलून बाहेर पडतो तेव्हा विजयाचे संगीत वाजत नाही. नातू म्हणाला, “भारी आहे ना?” मी म्हणालो, “अरे, याला कुणीतरी पाणी द्या.”

दोष नाहीत असे नाही. अंधार इतका, की दिवसा मोबाईलवर पाहू गेल्यास आपलेच तोंड दिसते. रात्री लाईट गेली की मात्र चित्र खुलते. त्या बाबतीत लातूर-नांदेड सोयीचे. दुसऱ्या हंगामात, म्हणजे २०१६ साली, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले त्याच वर्षी, या मंडळींनी शेकडो काळे जपानी लढवय्ये आणले आणि अर्धा हंगाम वाया घालवला. त्यांच्या काळजाचे ठोकेसुद्धा ऐकू येत नाहीत म्हणे! मग या नायकाचे काय उरले? पहिल्या हंगामाच्या अखेरीस त्याला शिंगांचा लाल पोशाख शिवून मिळतो, तोही मला रुचला नाही. काळे फडके बांधलेला माणूस आपल्या गल्लीतला वाटतो. तिसऱ्या हंगामात तो पुन्हा काळ्या फडक्यावर आला, तेव्हा मी समाधानाने चहा मागवला. आणखी एक गोष्ट नातवाने सांगितली. नायक आंधळा, पण मालिका आली तेव्हा आंधळ्या प्रेक्षकांसाठी पडद्यावरच्या हालचाली बोलून सांगण्याची सोय तिच्यात नव्हती. ओरड झाली आणि चार दिवसांत ती सोय जाहीर झाली. असे निकाल आमच्याकडे चार दिवसांत लागते तर!

पण हे सारे वरवरचे. मला खाटेला खिळवले ते खलनायकाने. विल्सन फिस्क हा तिसऱ्या भागाच्या अगदी शेवटी पहिल्यांदा दिसतो, आणि काय करताना? एका पांढऱ्याशुभ्र चित्रापुढे मुकाट उभा असताना. हळू बोलणारा, लाजाळू, वस्ती सुधारण्याच्या गोष्टी मनापासून सांगणारा माणूस. त्याला पाहिले आणि मी नातवाला म्हणालो, “याला मी ओळखतो.”

लोह्याच्या बाजूचा एक सावकार होता. पांढरे धोतर, कपाळी बुक्का, सप्ताहाच्या शेवटी गावजेवण त्याचेच. दुष्काळात टँकर आणी. १९९१ साली माझ्या एका अशिलाने लेकीच्या लग्नासाठी त्याच्याकडून तीस हजार घेतले आणि हमी म्हणून चार एकरांचे खरेदीखत करून दिले. पैसे फेडले की जमीन परत, असे ठरले. ते साध्या कागदावर निराळे लिहिले गेले, आणि तो कागद राहिला सावकाराच्याच पेटीत. पैसे फिटले, जमीन परत आली नाही. मी दावा लावला. पण परतीची अट विक्रीच्याच दस्तात असल्याशिवाय तो व्यवहार गहाण मानता येत नाही, ही १९२९ ची दुरुस्ती. आणि लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुराव्याला वाव फार थोडा, हे त्या वेळच्या पुरावा कायद्याचे कलम ९२. व्यवहार नुसता देखाव्याचा होता असे सिद्ध करण्याची वाट मोकळी होती, परंतु त्याला साक्षीदार लागतात, आणि गावात ज्याने त्याने सप्ताहाचे जेवण जेवलेले. १९९६ साली आम्ही हरलो. निकाल कायद्याने चुकीचा नव्हता, हेच सोसवेना.

अशील कोर्टाच्या पायरीवर बसला. म्हणाला, “साहेब, तुमी लई केलं.” एवढेच.

पंधरा दिवसांनी मी माझ्या मोटारसायकलीवरून रात्री सावकाराच्या शेतावर गेलो. डिकीत रॉकेलची बाटली होती. खळ्याशेजारी कडब्याची मोठी गंजी होती, वर्षाची वैरण. घरी मी हिला सांगितले होते की किनवटला पक्षकाराकडे जातो. गंजीपासून वीस पावलांवर मी किती वेळ उभा होतो, ते मला आजही सांगता येणार नाही. मग गंजीपलीकडे बैलाने मान हलवली आणि घुंगरू वाजले. जनावर गंजीला लागून बांधलेले होते. मी परत फिरलो. बैलाच्या दयेने फिरलो असे म्हणायला मला आवडले असते; परंतु मी त्याच वेळी सनदेचाही विचार करीत होतो, हे मला पक्के आठवते. बाटली मी गोदावरीच्या घाटावर पाण्यात सोडली. घरी रॉकेलचा वास आला तेव्हा स्टोव्हचे निमित्त सांगितले.

तेव्हा दुसऱ्या हंगामात त्या गच्चीवरचा प्रसंग आला आणि मी ताठ बसलो. फ्रँक कॅसल नावाचा माजी सैनिक, बायको-मुले गमावलेला. तो गुन्हेगारांना सरळ गोळ्या घालतो. आमच्या वकिलाला तो साखळीने बांधून ठेवतो आणि वाद घालतो, की तू हाडे मोडून सोडतोस, ते उद्या बाहेर येतात. मी करतो ते काम पुरते होते. दोघांतले अंतर एका पावलाचे आहे असे त्याचे म्हणणे. आमचा वकील उत्तरे देतो, पण दमून दमून देतो. बहुतेक प्रेक्षक इथे वकिलाच्या बाजूने असतील. मी वकील असून कॅसलच्या बाजूने डोलत होतो, आणि मला ते कळल्यावर पाणी प्यायला उठलो.

तिसऱ्या हंगामाच्या शेवटी फिस्क त्याच्या हातात सापडतो, स्वतःच म्हणतो की मार मला, आणि तो मारत नाही. लोक म्हणतात, हे अपेक्षितच होते. मला नव्हते. त्याला बैल आडवा आला नाही आणि सनदेची काळजीही नव्हती. तो नुसता थांबला. इतक्या मारामारीत मला आवडलेली जागा हीच.

२०१८ साली मालिका बंद केली गेली. २०२५ च्या मार्चमध्ये नव्या नावाने पुन्हा आली, आणि तीत फिस्क न्यूयॉर्कचा महापौर होतो. नातवाला हे अतिरेकी वाटले. मला नाही. आमचा सावकार १९९७ साली सरपंच झाला होता.

हे सगळे मी नातवाला त्याच खाटेवर सांगितले. हिला अजून सांगितलेले नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, “आता नवा कायदा असेल ना, आजोबा?” आहे. २०१४ चा सावकारी कायदा. सावकाराने लाटलेली जमीन जिल्हा निबंधक चौकशी करून परत देववू शकतो. पण मागे जायची मुदत पंधरा वर्षांची, आणि आमचे खरेदीखत १९९१ चे. मी हिशेब केला होता, कायदा आला त्याच आठवड्यात.

“मग?”

“मग काही नाही. तुझी परीक्षा कधी आहे?”

“रविवारी. सराव परीक्षा.”

घरमालकीणबाईंना मी सांगितले, की पोरगा अभ्यासच करतो, आवाज शेजारच्या खोलीतला असेल. खोटे बोललो. त्या मुलाला उरलेले भाग दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला येऊन माझ्याबरोबर पाहायचे असे ठरवून, दुपारच्या एस.टी.ने परतलो. त्याने सुट्टीआधीच चार भाग एकट्याने पाहिले, हे मला फराळाच्या वेळी त्याच्या बोलण्यावरून कळले.