वाड्यातला पेटारा आणि परवलीचा शब्द

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. 2022 सालच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास या गावाने एक नेम धरला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा आणि तेथून दीड तास घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवायचे. टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली होती. वर्ग पुन्हा भरू लागले, तरी मुलांच्या हातातले यंत्र सुटेना, म्हणून हा उपाय.

ही वार्ता आम्ही साताऱ्यात बसून वाचली ती अर्थातच मोबाइलवर, आणि तीही दिवेलागणीच्या वेळी. वडगावकरांचे कौतुक वाटले आणि आम्ही ती वार्ता तत्परतेने चार मित्रांना पाठवून दिली. आपण काय केले हे ध्यानात यायला मात्र दुसरा दिवस उजाडावा लागला.

महाजालावरील आपले अवलंबित्व असे सवयीत मुरलेले असते. ते दिसते केवळ खंड पडला की. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने त्या कंपनीची विदागारे एकमेकांपासून तुटली, आणि आपल्याकडे येण्याची वाट जगाला सांगणारी तिची यंत्रणाच मुकी झाली. विदा शाबूत, यंत्रे शाबूत; हरवला होता तो पत्ता. दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर विसंबलेली असल्याने दुरुस्ती करणाऱ्यांचाही खोळंबा झाला. त्या रात्री आमच्या परिचयातील कित्येक प्राध्यापकांना उद्याच्या तासाच्या टिपणांवाचून चैन पडेना, कारण ती टिपणे विद्यार्थ्यांच्या गटावरच होती, अन्यत्र कोठेही नव्हती. पहाटे सेवा सुरू झाली आणि आम्ही सारे ते विसरून गेलो.

परंतु सहा तासांचा खंड ही क्षुल्लक गोष्ट होय. कायमचा खंड पडतो तेव्हा काय होते, हे आम्हांस सांगलीने शिकवले.

आमचे एक सांगलीकर सन्मित्र आहेत. त्यांचे वडील जुन्या पिढीतले मराठीचे शिक्षक. एकनाथांच्या भारुडांवरील त्यांची हस्तलिखित टिपणे एका लोखंडी पेटाऱ्यात होती. 2011 साली आम्ही सांगलीस गेलो असता त्यांतील चाळीसेक पानांची छायाचित्रे काढली आणि महाजालावरील एका विनामूल्य सेवेत ठेवून दिली. "आता काळजी नको," असे आम्ही मोठ्या दिमाखात म्हणाल्याचेही स्मरते.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. जुन्या नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजले, तेथे एका घरातल्या पेटाऱ्याची काय कथा? शाई पाण्याबरोबर गेली आणि कागदाचा लगदा उरला. पूर ओसरल्यावर मित्र साताऱ्यास आले. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्याकडे ती चित्रे असतीलच."

आम्ही संगणक उघडला. ती सेवा बंद होऊन बराच काळ लोटला होता. तशी सूचना आली होती म्हणे, पण ती गेली आमच्या जुन्या विरोपाच्या पत्त्यावर. तो पत्ता आम्ही केव्हाच सोडला होता, आणि त्याचा परवलीचा शब्द ज्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेला होता तो क्रमांक आता दुसऱ्या कोणाचा तरी होता. मित्र "असू द्या" म्हणाले. त्या दोन शब्दांनी आम्ही जितके खजील झालो, तितके कोणत्याही दूषणाने झालो नसतो.

पुढे वर्तमानपत्रांतील तंत्रज्ञानविषयक बातम्या आम्ही वेगळ्या नजरेने वाचू लागलो. त्यांत नव्या सेवेचा जन्म ठळक असतो, मृत्यू कोपऱ्यात. जिओसिटीज 2009 मध्ये मिटली, ऑर्कुट 2014 मध्ये, गूगल प्लस 2019 मध्ये. यांतील प्रत्येकीवर कोणी ना कोणी आपले लेखन कायमचे म्हणून ठेवले होते. विनामूल्य जागेत आपण भाडेकरूही नसतो, पाहुणे असतो.

येथे साताऱ्याच्या माणसास वाईची आठवण होणे अपरिहार्य आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. पानिपतच्या काळातील ती पत्रे त्यांना वाईतील एका वाड्यात मिळाली. शतकाहून अधिक काळ ते कागद कोणी मुद्दाम जपले होते असे नव्हे. ते केवळ टाकून दिले गेले नव्हते. ती पत्रे उघडण्यास ना कोणाची सेवा चालू असावी लागली, ना परवलीचा शब्द. मोडी वाचता येणे पुरले. आमच्या पिढीचा पत्रव्यवहार शोधण्यास उद्या कोणी राजवाडे निघालेच, तर त्यांनी कोणत्या वाड्याची पायरी चढावी?

तथापि कागदाचे गोडवे गाण्यासही आम्ही धजत नाही, कारण सांगलीत कागदच बुडाला होता. साताऱ्यातील आमचे महाजाल आणि सांगलीतील त्यांचा पेटारा दोन्ही सारखेच निरुपयोगी ठरले. दोन्ही ठिकाणी दोष एकच : प्रत एक, आणि ती दुसऱ्यावर सोपवलेली, आम्ही कंपनीवर, त्यांनी पेटाऱ्यावर.

टिपणांपैकी थोडी मिळाली ती अनपेक्षित ठिकाणी. तासगावच्या एका शिक्षिकेने विद्यार्थिदशेत, परीक्षेपुरती, त्या वडिलांच्या वहीतली अकरा पाने आपल्या हाताने उतरवून घेतली होती. तिच्या प्रतीत शब्द गळले आहेत, दोन ओळी खालीवर झाल्या आहेत आणि समासात तिच्या स्वतःच्या शंका आहेत. मित्रास ते पाहून आनंद झाला आणि आम्हांस नाथांचे स्मरण झाले. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच हातोहात उतरलेल्या, अपपाठांनी भरलेल्या पोथ्यांवरून. नकलाकारांनी ग्रंथ बिघडवला हे खरे. पण त्यांनी तो उतरवलाच नसता, तर शुद्ध करण्यास नाथांच्या हाती काय उरले असते?

महाजालाचा त्याग करावा, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. ते आमच्याने होणारही नाही. त्याच्याइतकी स्वस्त नक्कल पूर्वी कोणत्याही पोथीवाल्यास साधली नव्हती. गफलत आमची, की आम्ही नक्कल करावयाची सोडून केवळ ठेव ठेवत गेलो.

आता दर महिनाअखेरीस आम्ही सायंकाळी सात ते साडेआठ मोबाइल बाजूस ठेवून त्या महिन्यातले जपण्याजोगे काही कागदावर उतरवतो. आमच्याकडे भोंगा नाही, त्यामुळे नेम चुकतोही. तासगावच्या त्या अकरा पानांच्या मात्र आता चार प्रती आहेत : एक सांगलीत, वरच्या मजल्यावर, एक तासगावात, एक महाजालावर, आणि एक आमच्या हस्ताक्षरात, साताऱ्यात. आमच्या प्रतीतही दोन शब्द गळले आहेत, असे मित्राने परवाच कळवले. व्हॉट्सअ‍ॅपवर.